लेच्चे की लेक्को? इटलीतील गावांची नावे आणि आपला कान

इटलीच्या उत्तर भागात, कोमो सरोवराच्या काठी, लेक्को नावाचे शहर आहे. बुटासारख्या दिसणाऱ्या या देशाच्या अगदी टाचेत, पूल्या प्रांतात, लेच्चे नावाचे दुसरे शहर आहे. रोमन लिपीत ही दोन्ही नावे लिहिली तर फरक केवळ शेवटच्या अक्षराचा. एकात ‘ओ’, दुसऱ्यात ‘ई’. मधली दोन ‘सी’ अक्षरे तीच. पण एकीकडे त्यांचा उच्चार ‘क्क’ होतो आणि दुसरीकडे ‘च्च’. तिकीट खिडकीवर कोणी लेच्चेला ‘लेके’ म्हटले, तर पलीकडच्या कर्मचाऱ्याला लेक्को ऐकू येण्याचीच शक्यता जास्त. या दोन शहरांमध्ये जवळजवळ अख्खा देश पसरला आहे.

शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा पर्यटनासाठी इटलीला जाणारे बहुतेक जण निघण्यापूर्वी ‘बोन्जोर्नो’ आणि ‘ग्रात्स्ये’ पाठ करतात. गावांच्या नावांकडे मात्र कोणी लक्ष देत नाही, कारण नाव तर वाचता येते असे वाटते. अडचण तिथेच सुरू होते. वाक्यातला एखादा शब्द चुकला तर ऐकणारा संदर्भावरून अर्थ लावतो. गावाच्या नावाला असा आधार नसतो. ‘मला अमुक ठिकाणी जायचे आहे’ या वाक्यात ‘अमुक’च्या जागी इटलीतल्या हजारो नावांपैकी कोणतेही नाव येऊ शकते. म्हणून परक्या भाषेतले सर्वात आधी नीट शिकावेत असे शब्द कोणते, तर गावांची नावे. ती शिकताना कान, जीभ आणि मेंदू यांचे काम कसे चालते हे समजले, तर ते शिकणे बरेच सोपे होते.

कान घडतो पहिल्या वर्षात

जन्मलेल्या बाळाचा कान जगातल्या जवळपास सगळ्या भाषांसाठी उघडा असतो. याचा एक गाजलेला पुरावा भारतीय ध्वनींशी जोडलेला आहे. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातील संशोधकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतील ‘ता’ आणि ‘टा’ हे ध्वनी ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना त्यांतला फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांची बाळे मात्र तो फरक जवळपास विसरली होती. इंग्रजीत ‘त’ आणि ‘ट’ वेगळे मानले जात नाहीत, म्हणून मेंदूने त्या फरकाकडे लक्ष देणे सोडून दिले होते.

यात कानाचा दोष नसतो. मेंदू काटकसरी असतो. भोवतालच्या भाषेत जे फरक अर्थ बदलतात ते तो पक्के करतो आणि बाकीचे बाजूला सारतो. पुढे मोठेपणी परकी भाषा ऐकताना प्रत्येक नवा ध्वनी मेंदू आपल्या जुन्या खणांत कोंबू पाहतो. म्हणून कोणती भाषा शिकणे सोपे जाईल, हे पुष्कळदा शिकणाऱ्याच्या खणांत आधीपासून काय आहे यावर ठरते.

या बाबतीत मराठी माणूस नशीबवान आहे. इटालियनमधला ‘त’ हा दातांना जीभ लावून म्हटलेला खरा ‘त’ आहे, आणि ‘द’ही तसाच. इंग्रजी बोलणाऱ्याला तो मुद्दाम शिकावा लागतो. मराठी मुलाच्या तोंडात तो ‘ताई’ आणि ‘दादा’ म्हणतानाच बसलेला असतो. अडचण एवढीच, की आपण ही नावे इंग्रजीच्या वाटेने ऐकली आहेत. इंग्रजीतला ‘टी’ आपल्या कानाला ‘ट’ वाटतो, म्हणून आपण ‘इटली’, ‘ट्युरिन’, ‘टस्कनी’ असे लिहितो. तिथले लोक मात्र इताऽल्या, तोरीऽनो, तोस्काऽना म्हणतात. (लांबवलेला स्वर दाखवण्यासाठी येथे ‘ऽ’ ही खूण वापरली आहे.) म्हणजे जिभेजवळ जे आहे ते विसरून आपण उसना ध्वनी वापरतो.

चा, ची, च्या : घरातलाच नियम

इटालियन लेखनात परक्याला सर्वात जास्त गोंधळवणारे अक्षर म्हणजे ‘सी’. ‘ए’, ‘ओ’, ‘यू’ या अक्षरांआधी ते आले तर उच्चार ‘क’. ‘ई’ आणि ‘आय’ या अक्षरांआधी आले तर ‘च’. म्हणून कोमोमध्ये ‘क’ आणि सिसिलीतल्या चेफालूमध्ये ‘च’. ‘जी’ या अक्षराचेही तसेच. गाएतामध्ये ‘ग’, तर जेनोवामध्ये ‘ज’.

हा नियम विचित्र वाटतो, पण असलाच नियम मराठी माणूस दिवसभर पाळत असतो. ‘घराचा’ आणि ‘घराची’ हे शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत. पहिल्यातला ‘च’ दातांजवळचा, ‘चोर’ आणि ‘चूल’ यांच्यासारखा. दुसऱ्यातला ‘च’ टाळूवरचा, ‘चिमणी’ आणि ‘चेहरा’ यांच्यासारखा. अक्षर तेच, पुढचा स्वर बदलला की उच्चार बदलतो. ‘इ’ आणि ‘ए’ म्हणताना जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो. पुढे हा स्वर येणार आहे हे जिभेला आधीच माहीत असते, त्यामुळे व्यंजन म्हणतानाच ती टाळूकडे सरकू लागते. लॅटिनमध्ये हे अक्षर मुळात सगळीकडे ‘क’ असेच उच्चारले जात होते. ‘इ’ आणि ‘ए’पुढे जीभ पुढे सरकत गेली, आणि कित्येक पिढ्यांनंतर त्या ठिकाणी ‘क’चा ‘च’ झाला. जीभ आळशी झाली म्हणून हे घडले नाही. पुढच्या ध्वनीची तयारी आधीच करण्याची तिची ही सवय जगातल्या अनेक भाषांत दिसते.

हे साम्य आणखी पुढे जाते. मराठीत ‘घराच्या’ या शब्दात ‘य’ लिहिला जातो, पण तो वेगळा असा फारसा ऐकू येत नाही. तो मुख्यतः एवढेच सांगतो, की इथला ‘च’ चिमणीचा आहे, चोराचा नाही. इटालियनमध्ये हेच काम ‘आय’ हे अक्षर करते. पेरूजा या शहराच्या लेखनात ‘जी’नंतर ‘आय’ येतो, पण तो केवळ ‘ज’ची खूण म्हणून. त्याचा वेगळा उच्चार होत नाही. म्हणून ‘पेरुजिया’ म्हणणे चूक आणि पेरूऽजा बरोबर. फोज्जा, रेज्जो आणि ब्रेशा या नावांतही ‘आय’ लिहिला जातो आणि बोलताना गळतो.

उलटे काम ‘एच’ हे अक्षर करते. त्याला स्वतःचा आवाज नाही. ‘सी’ किंवा ‘जी’ला चिकटले की ते त्यांना ‘च’ आणि ‘ज’ होण्यापासून अडवते. सार्डिनियातले आल्गेरो, मध्य इटलीतले क्येती आणि नेपल्सजवळचे ईस्क्या बेट यांच्या लेखनात हा मुका पहारेकरी बसलेला आहे. व्हेनिसच्या खाजणाच्या दक्षिण टोकाला असलेल्या क्योज्जा या गावाच्या नावात सगळे नियम एकत्र भेटतात. सुरुवातीला ‘एच’मुळे ‘क’, मग ‘य’सारखा उच्चारला जाणारा ‘आय’, मध्ये जोड ‘ज्ज’, आणि शेवटी नुसतीच खूण म्हणून आलेला दुसरा, मुका ‘आय’. हे एक नाव बरोबर म्हणता आले की अर्धी वाट सरली.

‘झेड’ या अक्षरातही मराठीचा फायदा होतो. इटालियनमध्ये त्याचा उच्चार इंग्रजीसारखा होत नाही. तो ‘चोर’मधल्या ‘च’सारखा (त्स) किंवा ‘जग’मधल्या ‘ज’सारखा (द्झ) होतो. फिरेन्त्से, व्हिचेन्त्सा, आरेत्सो यांत पहिला, तर मान्तोवाजवळच्या गोन्झागात दुसरा. चोर, चिमणी, जग आणि जीभ या चार शब्दांच्या सुरुवातीचे चारही ध्वनी इटालियनमध्ये आहेत, आणि ते चारही मराठीत आधीपासून आहेत. गंमत म्हणजे दोन्ही भाषांच्या लिपीत ते पूर्णपणे वेगळे दाखवले जात नाहीत. ‘चोर’ आणि ‘चहा’ यांतला फरक मराठी मूल पाटीवर शिकत नाही, घरात ऐकून शिकते. इटालियन मूलही ‘झेड’चे दोन उच्चार तसेच शिकते.

पिसाचा मनोरा आणि पीत्सा

दुसरी महत्त्वाची गोष्ट जोड व्यंजनांची. ‘कला’ आणि ‘कल्ला’, ‘सखा’ आणि ‘सख्खा’ या जोड्यांत मराठी कानाला कधी गोंधळ होत नाही. दुहेरी व्यंजनात जीभ किंवा ओठ नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरले जातात. इटालियनमध्ये हा वेळ जवळपास दुप्पट असतो आणि त्याच्या आधीचा स्वर आखडतो. तिथे ‘पाऽला’ म्हणजे फावडे आणि ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू. ‘नोऽनो’ म्हणजे नववा, ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा फरक ऐकायला आणि पाळायला फार जड जातो. कलता मनोरा ज्या शहरात आहे ते पीऽसा, आणि खायचा तो पीत्त्सा. पहिल्यात स्वर लांब, दुसऱ्यात स्वर आखूड आणि व्यंजन लांब.

याचे एक उदाहरण भारतीयांच्या जवळचे आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली रोमच्या दक्षिणेला ज्या शहरासाठी भीषण लढाया झाल्या, आणि ज्यांत चौथी भारतीय डिव्हिजनही लढली, त्याचे नाव मराठीत अनेकदा ‘माँटे कॅसिनो’ असे छापले जाते. त्या शहराचे नाव कास्सीऽनो असे आहे, ‘स’ ठाशीव जोड. एकेरी ‘स’ने ‘कासीऽनो’ म्हटले तर इटालियन बोलीत त्याचा अर्थ होतो सावळागोंधळ. शेवटच्या ‘नो’वर जोर देऊन ‘कासिनो’ म्हटले तर जुगाराचा अड्डा. जिथे हजारो सैनिक पडले त्या जागेचे नाव घेताना हा फरक सांभाळण्यासारखा आहे.

मराठी सैनिकांच्या आठवणीही अशाच नावांना बांधलेल्या आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. याच रेजिमेंटचे शिपाई नामदेव जाधव यांना हाच सन्मान ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर दाखवलेल्या शौर्यासाठी मिळाला. घाडगे यांच्या स्मरणार्थ पेरूजा जिल्ह्यातील मोन्तोऽने या गावात २०२३ साली स्मारक उभारले गेले. ते पाहायला जाणाऱ्याने नदीचे नाव ‘टायबर’ म्हणून विचारले तर गावातल्या म्हाताऱ्या माणसाला कदाचित कळणार नाही. तिथे ती तेऽवेरे आहे, आणि दुसरी नदी सेऽन्यो.

न लिहिलेला जोर

इथपर्यंत मराठीने साथ दिली. पुढची पायरी मात्र मराठी माणसालाही अवघड आहे. ती म्हणजे शब्दातल्या कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा. भाषाशास्त्रात याला बलाघात म्हणतात. मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून तो लक्षात ठेवायची गरज पडत नाही. इटालियनमध्ये ‘आंकोरा’ या शब्दात ‘आं’वर जोर दिला तर अर्थ होतो नांगर, ‘को’वर दिला तर ‘अजून’.

बहुसंख्य इटालियन शब्दांत जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो. मिलाऽनो, तोरीऽनो, पालेर्मो, लिव्होर्नो. पण अनेक प्रसिद्ध शहरे हा नियम मोडतात आणि जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर नेतात. नाऽपोली, जेऽनोवा, पाऽदोवा, मोऽदेना, रीऽमिनी, ऊऽदिने, ताऽरान्तो. बेर्गामोत जोर ‘बे’वर आहे, ब्रिन्दिसीत ‘ब्रि’वर, काल्यारीत ‘का’वर. जोर शेवटच्या स्वरावर असेल तरच तो लिहून दाखवला जातो. फोर्ली, चेफालू, कान्तू या नावांच्या शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ असते. बाकी नावांत तो कुठेही दिसत नाही. शेवटी ‘आय-ए’ ही अक्षरे आली तर आणखी पंचाईत. पावीऽआ आणि लोम्बार्दीऽआमध्ये ‘ई’वर स्पष्ट जोर, तर इताऽल्या आणि व्हेनेत्स्यामध्ये तोच ‘आय’ ‘य’ होऊन जातो.

फ्रेंच संशोधक इमान्युएल दुपू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये यावर एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. फ्रेंच भाषेतही जोराने अर्थ बदलत नाही. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषकांना केवळ जोराने वेगळे असलेले निरर्थक शब्द ऐकवले असता, ते लक्षात ठेवून ओळखण्यात फ्रेंच भाषक कितीतरी जास्त चुकले. लागोपाठ ऐकलेल्या दोन आवाजांतला फरक त्यांना कळत होता. पण तो स्मरणात साठत नव्हता. या स्थितीला संशोधकांनी ‘जोराबाबतचा बहिरेपणा’ असे नाव दिले. ज्या भाषेत जोराला अर्थ नाही ती बोलणाऱ्या प्रत्येकाने यातून घ्यायचा धडा असा, की नाव ऐकताना कळले म्हणजे ते जोरासकट लक्षात राहील असे नाही. तो मुद्दाम नोंदवावा लागतो.

इथे मराठी माणसाच्या कामी येईल अशी एक युक्ती आहे. इटालियनमध्ये जोर असलेले अक्षर स्वरावर संपत असेल तर तो स्वर लांबतो. लांबी मराठी कानाला जोरापेक्षा लवकर कळते. म्हणून ‘जोर कुठे आहे’ असे विचारण्याऐवजी ‘कोणता स्वर ओढला जातो’ असे स्वतःला विचारावे. वहीत ‘नाऽपोली’ असे अवग्रह घालून लिहिले की अर्धे काम होते. जोड व्यंजनाआधी स्वर लांबत नाही. तिथे जोराचे अक्षर अधोरेखित करावे.

आणि हे लक्षात ठेवावे लागणे हा परक्याचा कमीपणा नाही. इटलीत सुमारे ७,९०० नगरपालिका आणि ग्रामपालिका आहेत. त्या सगळ्यांची नावे कोणत्याच इटालियन माणसाला नेमकी म्हणता येत नाहीत. तिथल्या सरकारी नभोवाणीने, म्हणजे राईने, निवेदकांसाठी लेखन आणि उच्चारांचा एक मोठा कोशच तयार करवून घेतला. तो १९६९ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात गावांची नावेही आहेत. १९२६ चे साहित्याचे नोबेल मिळवणाऱ्या लेखिका ग्रात्स्या देलेद्दा यांचे जन्मगाव सार्डिनियात आहे. ते नूऽओरो. बाहेरचे इटालियन लोकही ते ‘नुओऽरो’ असे म्हणून जातात.

एका शहराची दोन नावे

काही वेळा अडचण उच्चाराची नसून वेगळ्या नावाची असते. स्थानकावरच्या फलकावर फ्लॉरेन्स, व्हेनिस, नेपल्स, जिनोआ, पडुआ यांपैकी मुख्य नाव म्हणून काहीही दिसत नाही. तिथे फिरेन्त्से, व्हेनेत्स्या, नाऽपोली, जेऽनोवा, पाऽदोवा असते. सर्वात मोठा सापळा ‘मोनाको’चा. इटालियनमध्ये जर्मनीतल्या म्युनिकलाही मोऽनाको म्हणतात. स्पष्टतेसाठी पुढे ‘दी बाविएऽरा’ (बव्हेरियाचे) असे जोडतात. भूमध्य समुद्राकाठच्या छोट्या मोनाकोला निघालेल्या प्रवाशाने फलक शेवटपर्यंत वाचावा हे बरे.

वय आड येते का?

चाळिशी-पन्नाशीनंतर जीभ वळत नाही, असा समज आहे. त्यात थोडे तथ्य आहे, पण थोडेच. जेम्स फ्लेगी यांच्या गटाने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास यासंदर्भात वारंवार सांगितला जातो. त्यात इटलीतून कॅनडात गेलेल्या २४० स्थलांतरितांचे इंग्रजी तपासले गेले. ते कॅनडात पोहोचले तेव्हा त्यांचे वय २ ते २३ वर्षांच्या दरम्यान होते. जितक्या मोठ्या वयात माणूस गेला तितका परका हेल जास्त आढळला. मात्र अमुक एका वयाला दार धाडकन बंद झाले, असे दिसले नाही. ते हळूहळू लोटले जाते.

लोटलेले दार उघडता येते, हे दुसऱ्या काही प्रयोगांनी दाखवले. जपानी भाषकांना इंग्रजीतील ‘र’ आणि ‘ल’ यांतला फरक ऐकू येणे फार कठीण जाते. अमेरिकेत १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जपानी प्रौढांना काही आठवडे, वेगवेगळ्या लोकांच्या आवाजात, वेगवेगळे शब्द ऐकवून लगेच चूक-बरोबर सांगण्यात आले. त्यांचा कान सुधारला. १९९७ च्या अशाच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. बोलण्याचा वेगळा सराव न देताही, केवळ ऐकण्याच्या सरावाने त्यांचे उच्चारही सुधारले. म्हणजे कान आणि जीभ यांची वाट मेंदूत एकमेकींना जोडलेली आहे, आणि कान पुढे चालतो.

उतारवयात आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. वयोमानाने ऐकू कमी येऊ लागते तेव्हा बहुधा आधी उंच पट्टीचे आवाज मंदावतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘च’, ‘त्स’ यांची ओळख पटवणारा सळसळता भाग याच पट्टीत असतो. म्हणून गोंगाटातल्या घोषणेत ज्येष्ठ प्रवाशाला ‘च्च’ आणि ‘क्क’ यांतला फरक निसटू शकतो. अशा वेळी फलक पाहणे आणि तिकिटावरच्या नावाशी ताडून घेणे केव्हाही चांगले. घरीही शब्द वारंवार नीट ऐकू येत नसतील, तर कानाची तपासणी टाळू नये.

रोज दहा मिनिटे

या सगळ्यातून सरावाची एक साधी पद्धत निघते. प्रवासात लागणारी दहा-पंधरा नावे निवडावीत आणि पुढील क्रम पाळावा.

• आधी ऐकावे, मग पाहावे. रोमन अक्षरे डोळ्यांसमोर आली की इंग्रजी उच्चार मनात उमटतो आणि कान त्याच्यामागे जातो.

• एकाच आवाजावर थांबू नये. स्त्री, पुरुष, उत्तरेचा, दक्षिणेचा, बातम्यांतला, रेल्वे स्थानकावरचा असे निरनिराळे आवाज ऐकावेत.

• ऐकलेले नाव देवनागरीत लिहावे. जोड व्यंजन जोडून, लांब स्वर अवग्रहाने आणि जोराचे अक्षर अधोरेखित करून. इटालियन ‘ए’ हा नेहमी ‘आ’ असतो, ‘अ’ कधीच नाही. शेवटचा स्वरही पूर्ण उच्चारावा.

• जोराच्या अक्षरावर टेबलावर हलकी टिचकी मारत नाव म्हणावे. फोनवर रेकॉर्ड करून मूळ आवाजाशी ताडून पाहावे.

• दुसऱ्या दिवशी वही न उघडता नकाशाकडे पाहून नावे आठवावीत. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःची परीक्षा घेतल्याने गोष्टी जास्त काळ लक्षात राहतात, हे रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवले आहे. हीच उजळणी मग तीन दिवसांनी, आठवड्याने करावी.

सगळेच परिपूर्ण होण्याची गरज नाही. इटालियनमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ या स्वरांचे उघडे आणि मिटलेले असे दोन-दोन प्रकार आहेत, पण खुद्द इटलीत ते प्रांताप्रांतांत बदलतात. त्यावर वेळ घालवू नये. ‘क’ की ‘च’, एकेरी की जोड, आणि जोर कुठे, या तीन गोष्टी सांभाळल्या की नाव पोहोचते.

पी म्हणजे पालेर्मो

या सरावाचा आणखी एक उपयोग फोनवर होतो. इटलीत फोनवर एखादे नाव अक्षर-अक्षर सांगायचे असेल तर लोक शहरांची नावे वापरतात. ‘आ कोऽमे आंकोऽना’, म्हणजे आंकोनातला ‘आ’. ‘बी’साठी बोलोन्या, ‘डी’साठी दोमोदोस्सोला हे आल्प्समधले छोटे गाव. हे गाव अनेकांना केवळ त्या एका अक्षरामुळे माहीत आहे. म्हणजे घराची, दवाखान्याची किंवा बँकेची नोंदणी करताना ‘पाटील’ हे आडनाव असे सांगावे लागेल : पालेर्मो, आंकोऽना, तोरीऽनो, ईऽमोला, लिव्होर्नो. स्वतःचे नाव या पद्धतीने पाठ केले की पाच शहरांचे उच्चारही आपोआप पाठ होतात.

खरी कसोटी मात्र संकटात लागते. ११२ हा युरोपातला सामाईक आपत्कालीन क्रमांक आहे. तिथे फोन लागला की मदत कुठे पाठवायची हे आधी सांगावे लागते, आणि घाबरलेल्या माणसाला नवे काही आठवत नाही. जे आधीच जिभेवर बसले आहे तेच बाहेर येते. शिवाय नाव बरोबर म्हणूनही पुरत नाही. कास्त्रो नावाची एक वस्ती लोम्बार्दीआत सरोवराकाठी आहे आणि दुसरी पूल्याच्या समुद्रकिनाऱ्यावर. म्हणून गावाबरोबर जिल्ह्याचे नावही सांगण्याची सवय लावावी : कास्त्रो, बेर्गामो, किंवा कास्त्रो, लेच्चे. मुक्कामाच्या जागेचे गाव, जिल्हा आणि रस्ता अशी तीन नावे पोहोचल्याच्या पहिल्याच दिवशी तिथल्या माणसाकडून म्हणवून घ्यावीत. त्यासाठी एकच वाक्य पुरते : ‘कोऽमे सी प्रोनुन्चा?’ म्हणजे, याचा उच्चार कसा करतात? आपल्या गावाचे नाव कोणी नीट म्हणू पाहत असेल, तर ते शिकवायला नाही म्हणणारा माणूस इटलीतही विरळाच.